उजव्या पावलाची मोजणी

आमच्या जावयाला कुणाला काही विचारायची सवयच नाही. मोजणी खात्यात नोकरी, रोज जमिनी मोजायच्या. त्यामुळे सगळं जग आपल्या फितीत मावतं असा त्याचा समज. हे वारल्यावर यांची डोंगरातल्या वाटेची वही त्याने कपाटातून काढली, माझ्यासमोर वाचली आणि मलाच म्हणाला, "आई, तुम्ही घरी थांबा. मी जाऊन जागेचे फोटो काढून आणतो."

फोटो! बेचाळीस वर्षं माझा शिंपी नवरा उन्हाळ्याच्या तोंडावर मशीनवर झाकण घालून चार दिवस डोंगरात जायचा. शेजारणी मला नाही नाही ते सुचवायच्या. परत यायचा तो असा उजळून, की मला काही विचारायचाही राग यायचा. तिथं एवढं काय होतं, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. गुडघे फार तर हे एवढं वर्ष साथ देतील, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे जायचं तर आत्ताच.

निघालो तिघं. पुढे जावई, मध्ये मी, मागे लेक. जावयाने दोराचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या. बाजाराला न्यायची शेळी दिसत असेन मी.

पहिला दिवस जंगलातच गेला. पायाखाली पाचोळ्याची जाड गादी, वर पानांतून गाळून आलेलं ऊन, आणि कुठंतरी पाणी वाहतंय पण दिसत नाही. माझा नवरा घरात दोन मिनिटं गप्प बसायचा नाही. इथं येऊन तो कुणाशी बोलत असेल, याचंच मला नवल वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या धारेवर वीज पडलेलं झाड सापडलं. लेकीने वही वाचली. "झाडापासून धारेने सहाशे चाळीस. मग डावीकडे उतरायचं."

"माणसाचं पाऊल अडीच फूट," जावई म्हणाला. हिशेब केला, अंतर मोजलं आणि थांबला. डावीकडे घळ होती. नुसत्या सुट्या दगडांची.

"हे इथून उतरले असतील असं मला वाटत नाही," मी म्हटलं.

"आई, आकडा खोटं बोलत नाही."

तो उतरला. पाच पावलं. सहा. दगड हलला. मग सगळा उतारच हलला! दोराचा हिसका बसला आणि मी एका धोंड्यामागे फतकल मारून बसले. टाचा रोवल्या. दोर कमरेत रुतला. लेक माझ्यामागून दोर ओढू लागली. खाली दगड गडगडत गेले, फार वेळ गेले. शेवटी जावयाचं डोकं वर आलं, धुळीने पांढरं झालेलं.

"बाबांचं पाऊल लहान होतं का गं?" लेकीने विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यांच्या उजव्या बुटाची टाच फार झिजायची, म्हणून तिला लोखंडी नाल ठोकलेली. जिन्यावरून उतरताना, फरसबंदीवरून चालताना ती टक्‌ वाजायची आणि हे मोजायचे. टक्‌, एक. टक्‌, दोन. डावं पाऊल हिशेबातच नाही, म्हणजे खरं अंतर दुप्पट.

"परत झाडाशी चला," मी म्हटलं. "आता पुढे मी."

निम्मं अंतर झालं आणि ढग खाली उतरला. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. दोन्हीकडे दरी. जावयाची फीत गेली खिशात. मी उजवं पाऊल टाकत होते आणि मोठ्याने मोजत होते. बाजारात यांच्याबरोबर चालून चालून माझी चाल त्यांच्यासारखीच झालेली. पाचशे. सहाशे. गुडघा ठणकत होता. त्याला म्हटलं, गप बस. सहाशे चाळीस!

डाव्या हाताला पायरीसारखा खडक लागला. मग दुसरा. खाली एक कोरडी कपार होती आणि तिच्या तोंडावर टांगलेला गोणपाटाचा पडदा. पडद्याला दोन काजं. सदऱ्याला करतात तशी, दोऱ्याने नीट विणलेली, फक्त डोळा मावेल एवढी. वरचं काज वापरून वापरून काळं पडलेलं. खालचं कोरं होतं. बरोबर माझ्या उंचीला.

दर वर्षी म्हणायचे, "येतेस का?" दर वर्षी मी म्हणायचे, "घर कोण बघणार?"

मी डोळा लावला. ढग हळूहळू विरला. समोरच्या कड्यावर काटक्यांचं घरटं, त्यात राखाडी लव असलेलं पिल्लू आणि शेजारी उघड्या मानेची आई. बेचाळीस वर्षं माझी सवत म्हणजे एक गिधाड!

"पडदा जरा सरकवतो," जावई कॅमेरा काढत म्हणाला. "फोटो चांगला येईल."

"उडून जाईल ती. हात लावू नका."

त्याने कॅमेरा ठेवून दिला. मग म्हणाला, "आई, माझी मोजणी चुकली."

मी काजावरचा डोळा काढला नाही. म्हटलं, "जावईबापू, मोजणी नाही चुकली. तुम्ही विचारलं नाहीत. मीही यांना कधी विचारलं नाही, पण त्याबद्दल मला बोल लावायला आता कुणी राहिलं नाही. तुम्हाला बोल लावायला मी तरी आहे."