सात घोडे गेले कुठे?

"एकशे सत्तावन्न!" काचेच्या खोलीतून मोजणीचे साहेब ओरडले आणि मावशीच्या हातातला पाना खणकन खाली पडला.

"किती?"

"एकशे सत्तावन्न! ऐकायला येत नाही का? चला, पट्टे सोडा, गाडी बाजूला घ्या!"

रोलरवर जखडलेली मावशीची छोटी निळी गाडी अजून धापा टाकत होती. या शेडमध्ये गाडी जागची हलत नसे. चाकं रोलरवर गरगर फिरत आणि यंत्र सांगे, इंजिनात किती घोड्यांचं बळ आहे. अश्वशक्ती हा शब्द पुस्तकातला. इथे सगळे सरळ 'घोडे' म्हणत.

टाचणीने वही उघडली. तेरा वर्षांची ही मुलगी सुट्टीला मावशीकडे आली होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात असेल, पण कुणाच्याही बढाईच्या फुग्याला ती बरोबर जागी टोचत असे, म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणत. वहीत तिने रकाने आखले होते: गाडी, इंजिन किती सीसीचं, मालकाची बढाई, प्रत्यक्ष मोजलेले घोडे, आणि शेवटी लिटरमागे किती घोडे.

"गेल्या महिन्यात चाचणीला आलो, तेव्हा याच यंत्रावर एकशे चौसष्ट होते," ती म्हणाली. "सात घोडे गेले कुठे?"

"गवत खायला!" भोंगा म्हणाला. हा मावशीचा मुलगा, वय बारा. कानात सांगायची गोष्टही तो चौथ्या गल्लीत ऐकू जाईल अशी सांगे.

"गप रे!" मावशी खेकसली.

तिचं खेकसणं साहजिक होतं. आजची मोजणी गाड्यांच्या स्पर्धेसाठी होती, आणि मावशीला ज्या गटात उतरायचं होतं त्याचं नाव होतं 'लिटरमागे शंभर'. टर्बो लावून हवा कोंबायची नाही. इंजिनाने आपल्या दमावर, दर लिटरला शंभर घोडे काढायचे. हजार सीसी म्हणजे एक लिटर. मावशीचं इंजिन सोळाशे सीसीचं, म्हणजे एकशे साठ घोडे हवेतच. तीन वर्षं गॅरेजचं शटर ओढल्यावर तिने ते इंजिन घासून, तासून, जुळवून उभं केलं होतं. आणि आता तीन घोड्यांनी हुकलं! नोंदणी पाच वाजता बंद होणार. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"इंजिन म्हणजे पोट, बाई!" पलीकडून पिवळ्या गाडीचे मालक हसले. त्यांचं इंजिन पाच लिटरचं, म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं पाच-लिटर काका. बॉनेटवर त्यांनी हातभर उंचीचा आकडा रंगवला होता: ४००. "जेवढं मोठं पोट, तेवढी मोठी ताकद! सोळाशे सीसीत काय मावणार? चमचाभर पेट्रोल!"

"पोट मोठं म्हणून शर्यतीत कुणी पहिलं आल्याचं ऐकलं नाही," टाचणी म्हणाली. "तुमचे चारशे भागिले पाच, म्हणजे लिटरमागे ऐंशीच."

"ही पोरगी कोण?"

"माझी भाची," मावशी म्हणाली, पण नेहमीच्या कौतुकाने नाही. ती टाचणीकडे वळली. "सकाळी एअर फिल्टर तू बसवलास ना? नीट बसवलास? मधे चिंधी-बिंधी राहिली नाही ना?"

टाचणीला कानशिलं तापल्यासारखी वाटली. सकाळी तिने फिल्टर पुसला होता, तोंडाने फुंकरसुद्धा न घालता मऊ ब्रशने झटकला होता, चारही क्लिपा दोनदा दाबून पाहिल्या होत्या.

"नीट बसवलाय, मावशी."

"मग हवा कमी कुठे पडतेय? फिल्टर नाही, तर आतच काहीतरी गेलंय." मावशीने पाना उचलला. "उघडते इंजिन."

"आई, उघडलंस तर आज परत जोडून होणार नाही!"

"नाहीतरी काय होणार आहे? उद्यापासून मी स्कूटरची पंक्चरं काढते. त्यात घोडे मोजावे लागत नाहीत."

मावशीने गाडी शेडच्या कोपऱ्यात ढकलली आणि बॉनेट उघडलं. टाचणी तिथेच उभी राहिली. मावशी रागावली असती तर परवडलं असतं. पण तिने फिल्टरची झाकणी काढली, आत बोट फिरवलं, काही न बोलता पुन्हा लावली. ते न बोलणं टाचणीला फार लागलं.

"चल," भोंगा म्हणाला. "इथे उभं राहून घोडे परत येणार नाहीत."

दोघं दाराजवळच्या टायरांच्या ढिगावर बसली. टाचणीने वहीची पानं रागारागाने उलटली. गेल्या महिन्याचं पान, आजचं पान. पुन्हा मागचं, पुन्हा आजचं. आणि तिची पेन्सिल थांबली.

"भोंग्या, दातांच्या डॉक्टरांची पांढरी गाडी बघ. दोन लिटर, टर्बोवाली. मागच्या वेळी अडीचशे घोडे. आज दोनशे चाळीस."

"मग त्यांचेही गवत खायला गेले."

"आणि पाच-लिटर काका. मागच्या वेळी चारशे. आज तीनशे चौऱ्याऐंशी!"

"सोळा? आणि त्यांनी आरडाओरडा केला नाही?"

"ते कशाला करतील? आकडा सगळ्यांत मोठा त्यांचाच. पहिला नंबर म्हटल्यावर कागद न वाचता खिशात घातला." टाचणी भराभर भागाकार करत होती. "सोळा, दहा, सात. आकडे वेगळे दिसतात, पण शेकडा काढ. चारशेतले सोळा, शेकडा चार. अडीचशेतले दहा, शेकडा चार. आपले एकशे चौसष्टातले साडेसहा, म्हणजे सातच धर. तेही शेकडा चार!"

भोंग्याने शीळ घातली. शेडमधली चार माणसं वळून बघायला लागली.

"तीन घरांत एकाच सकाळी दूध पातळ आलं," टाचणी म्हणाली, "तर दोष पातेल्यांचा, की दूधवाल्याचा?"

"दूधवाल्याचा! म्हणजे यंत्राचा!"

"चल, सांगू या."

सांगणं सोपं होतं. ऐकणारा मिळणं कठीण! मावशी बोल्ट सैल करत होती. "टाचणी, आत्ता नाही," एवढंच म्हणाली. दातांच्या डॉक्टरांनी वहीकडे न बघताच टाचणीच्या डोक्यावर टपली मारली आणि "अक्षर छान आहे हो!" असं प्रमाणपत्र देऊन ते चहा प्यायला गेले. साहेबांनी तर काचेच्या खोलीचं दार बोटभर उघडलं.

"साहेब, सगळ्याच गाड्या शेकडा चार..."

"यंत्र चुकत नाही, बाळ. माणसं चुकतात. लहान मुलांनी मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये." दार बंद!

"यांच्या नाकाला काय धाड भरलीय?" भोंगा भडकला. "अर्धा तास राहिलाय!"

टाचणीने वही फाडकन मिटली. एवढे मोठे लोक, एवढी मोठी इंजिनं, आणि एकालाही दोन ओळी वाचायला सवड नाही! तिला ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात शेपूट हजर झाला. हा टाचणीचा आठ वर्षांचा भाऊ. जिथे ताई, तिथे तो मागे, म्हणून शेपूट. आज मात्र तासभर गायब होता.

"कुठे होतास रे?"

"साहेबांच्या खोलीत. टेबलाखाली. ताई, काय गार आहे आत! नवा एसी लावलाय. त्यांनी आत्ता हाकललं. आणि तो डबा आता आत आहे."

"कुठला डबा?"

"करड्या रंगाचा, वायर असलेला. मागच्या वेळी मी त्याला हात लावला म्हणून साहेबांनी माझा कान नाही का धरला? 'हवेचं तापमान मोजतो तो, खेळणं नाही!' असं म्हणाले होते. तेव्हा तो इथे रोलरपाशी खिळ्यावर होता. आता एसीच्या बरोबर तोंडाशी टांगलाय."

टाचणीने रोलरजवळच्या भिंतीकडे पाहिलं. खिळा जागेवर होता. पण त्यावर झळकत होती एक मोठी चौकट, आणि चौकटीत हार घातलेले, छाती काढून उभे असलेले साहेब!

"भोंग्या! उन्हाळ्यात हवा विरळ होते, म्हणून इंजिनाला दम कमी पडतो, हे मावशीने सांगितलं होतं ना?"

"हो. थंडीत हवा दाट, घोडे जास्त."

"मग यंत्र काय करतं? गरम दिवशी थोडे घोडे वाढवून देतं आणि थंड दिवशी थोडे कापून घेतं, म्हणजे सगळ्यांना न्याय सारखा. पण हवा गरम की थंड, हे त्याला सांगतो तो डबा!"

"आणि डबा बसलाय एसीची हवा खात!" भोंगा उडालाच. "गाड्या इथे भट्टीत, आणि यंत्राला वाटतंय थंडी पडलीय! चल, साहेबांना सांगू!"

"साहेब ऐकणार नाहीत. मावशीच्या सात घोड्यांसाठी इथे कुणी खुर्चीवरून उठणार नाही." टाचणीचे डोळे पिवळ्या गाडीकडे वळले. "सोळा घोड्यांसाठी मात्र एक माणूस उठेल. भोंग्या, देवाने तुला गळा कशासाठी दिलाय?"

भोंग्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तो पिवळ्या गाडीपाशी गेला आणि शेपटाला हळूच, म्हणजे अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाला, "शेपट्या, काकांनी बॉनेटवर चारशे का रे लिहिलंय? त्यांच्या कागदावर तर तीनशे चौऱ्याऐंशी आहेत!"

"पुसायचं राहिलं असेल," शेपूट निरागसपणे म्हणाला.

पाच-लिटर काकांचं हसू विरलं. त्यांनी खिशातून चुरगळलेला कागद काढला. वाचला. चष्मा लावून पुन्हा वाचला.

"तीनशे चौऱ्याऐंशी? माझे सोळा घोडे? साहेब! अहो साहेब!"

काका काचेच्या खोलीत घुसले ते दार ढकलूनच. मागून भोंगा, शेपूट, डॉक्टर, चहावाला आणि तमाशा बघायला निम्मी शेड! टाचणी सगळ्यांच्या काखेखालून पुढे सरकली.

"यंत्र चुकत नाही!" साहेब म्हणत होते.

"मग माझं इंजिन चुकतं? पाच लिटरचं?"

"साहेब," टाचणी म्हणाली, "बाहेर शेडमध्ये किती गरम असेल?"

"हे काय विचारणं झालं? सदतीसच्या खाली नाही! घामाने जीव चाललाय, म्हणून तर एसी घेतला!"

"मग तुमच्या पडद्याच्या कोपऱ्यात 'हवा: बारा अंश' असं का लिहिलंय?"

सगळ्यांची डोकी पडद्याकडे वळली. मग शेपटाच्या बोटाकडे. बोट वर, एसीच्या तोंडाशी टांगलेल्या करड्या डब्याकडे होतं. डबा गार वाऱ्यात मजेत झुलत होता.

"तो... ते..." साहेबांनी घाम पुसला, त्या गारठ्यात. "खिळा हवा होता. फोटोला."

टाचणी धावतच कोपऱ्यात गेली. मावशीचे तीन बोल्ट सैल झाले होते आणि चौथ्यावर पाना चढला होता.

"मावशी, थांब! इंजिन नको उघडू! हवा कमी पडत नाहीये, यंत्रालाच हवा लागलीय, एसीची!" आणि एका दमात तिने सगळं सांगितलं. वहीही दाखवली.

मावशीने तीन ओळी वाचल्या. मग पाना उलटा फिरवून तिन्ही बोल्ट आवळले. या खेपेला तिने "आत्ता नाही" म्हटलं नाही.

फोटो खाली उतरला, डबा खिळ्यावर चढला, पडद्यावर सदतीस अंश आले. पाचला अठरा मिनिटं कमी असताना निळी गाडी रोलरवर गेली. पट्टे आवळले. मावशीने ॲक्सिलरेटर दाबला. आवाज चढत चढत छपराला भिडला, शेपटाने कानांत बोटं घातली, टाचणीने डोळे मिटले. फिल्टर, फिल्टर, फिल्टर, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

"एकशे..." साहेब पडद्याच्या अगदी जवळ वाकले. "एकशे त्रेसष्ट!"

"लिटरमागे एकशे एक पूर्णांक आठ दशांशाच्याही वर!" टाचणी किंचाळली. भोंग्याने जी आरोळी ठोकली, तिच्यापुढे इंजिनाचा आवाज काहीच नव्हता.

सगळ्या गाड्या पुन्हा मोजल्या गेल्या. डॉक्टरांच्या गाडीचे दहाही घोडे परत आले, आणि या वेळी त्यांनी वही खरोखर वाचली. पाच-लिटर काकांची गाडी भरली तीनशे नव्व्याण्णव! एका घोड्यासाठी काका साहेबांशी हुज्जत घालू लागले. साहेबांनी मात्र सगळ्यांसमोर टाचणीला खोलीत बोलावून खुर्ची दिली.

"यंत्र चुकत नाही म्हणालो होतो. बरोबरच होतं. माणूस चुकला. तुम्ही तिघं नसता, तर आणखी किती जणांनी धडधाकट इंजिनं उघडली असती!"

"फोटो कुठे लावणार आता?" शेपटाने विचारलं. साहेबांनी त्याचा कान धरला, पण या वेळी हळूच.

परत निघताना मावशी बॉनेटला टेकून उभी राहिली. "मी तुझ्या फिल्टरवर संशय घेतला," ती म्हणाली. "आणि तू चार क्लिपा दोनदा दाबल्या होत्यास ना?"

"तू बघितलंस?"

"सकाळी बघितलं होतं. दुपारी विसरले. आण ती वही."

मावशीने तेलकट बोटांनी निळ्या गाडीची ओळ शोधली. सोळाशे सीसी, मोजलेले घोडे एकशे त्रेसष्ट. मधला बढाईचा रकाना तेवढा कोरा होता, कारण मावशीने कधी बढाई मारलीच नव्हती. तिने टाचणीची पेन्सिल घेतली आणि त्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं:

माझी भाची.