नंदाबाईंचा नंबर

शेजारच्या घरातून पुस्तक आणायचं, एवढंच काम. आमच्या ओट्यावरून उतरायचं, शेजारच्या खिडकीच्या गजांतून हात आत घालायचा, कट्ट्यावरचं पुस्तक उचलायचं आणि परत यायचं. घराला कुलूप असतं, कारण त्यात राहणाऱ्या नंदाबाई गेल्या वर्षी वारल्या. पुस्तक मात्र आधी त्यांच्याकडे जातं, मग माझ्याकडे येतं. आमच्या गल्लीत याचं कोणाला काही वाटत नाही. मलाही वाटू नये, अशी सगळ्यांची अपेक्षा आहे.

मी वडीगोद्रीची. लग्न होऊन बदनापूरला आले, तेव्हा कळलं की स्टेशनामागच्या या गल्लीत बायकांची पुस्तकाची भिशी आहे. महिन्याला एक कादंबरी. माझा नवरा सोमेश्वर जालन्याला कामाला आहे, रोज गाडीने जाऊन-येऊन करतो. तिथल्या मस्तगड भागातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तो हाताला येईल ते पुस्तक आणतो. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, ते उघडूही न देता बेबीनंदा वहिनींकडे पोचवतात. त्यांच्याकडून अंगणवाडीच्या उषाबाई, मग नंदाबाईंची खिडकी आणि शेवटी मी. नवी सून पंगतीलाही शेवटीच बसते, त्यामुळे यात मला नवल वाटलं नाही.

भिशीचे नियम दोन. वाचून झालं की ज्या घरातून पुस्तक आलं तिथे घडीभर बसून कसं वाटलं ते सांगायचं. आणि पुढच्या बाईला शेवट सांगायचा नाही. उषाबाई हा दुसरा नियम अगदी काटेकोर पाळतात, म्हणजे शेवट सोडून सगळं सांगतात. धुणं वाळत घालता घालता, तारेपलीकडून. "मी काही सांगत न्हाई शालू, पन त्या धाकटीवर भरवसा ठेवू नको." झालं. माझ्यासाठी उरतं ते शेवटचं प्रकरण. त्याच्यावरच मी महिना काढते.

नंदाबाईंचा नंबर अजून का आहे, ते आत्याबाईंनी मला भाकरी थापता थापता सांगितलं. नंदाबाई गेल्या तेव्हा कादंबरी अर्धी राहिली होती. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मुलाने शेताचं बोलून पाहिलं, नातवंडांचं बोलून पाहिलं. ऊन चढलं, लोक कंटाळले. मग बेबीनंदा वहिनीच पुढे होऊन म्हणाल्या, "नंदाबाई, पुस्तकाचा तुमचा नंबर आम्ही मोडनार न्हाई. बस?" आणि कावळा उतरला.

"त्या एका पुस्तकापुरतं बोलायचं ना मग," मी म्हटलं.

"तेव्हा कुनाला सुचतंय. शब्द गेला तो गेला." आत्याबाईंनी भाकरी उलटली. "आन तुला काय तरास? शब्द हाय, खिडकीतनं पुस्तक घ्यायला कुनीतरी लागतं, म्हनून तर तुला दुपारी पुस्तक घेऊन बसू देते. न्हाईतर सुनंनं पुस्तकात तोंड खुपसलेलं मला बिलकुल खपत न्हाई."

तेही खरं होतं. त्या घरात माझा असा दुपारचा तेवढा एकच तास होता, आणि तो एका मेलेल्या बाईच्या नंबरावर टिकून होता.

पहिल्यांदा पुस्तक आणायला गेले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि लाइट गेलेली होती. खिडकीत हात घातला. आतून मिशरीचा वास आला. कडू, भाजक्या तंबाखूचा, ओला. बंद घराला कोंदट वास असतो. हा तसा नव्हता. हा नुकतंच तोंड धुतलेल्या बाईचा होता. पुस्तक हाताला लागलं, आणि अगदी जवळून, कट्ट्याच्या खालून बोलल्यासारखं कोणीतरी जल्दी जल्दी म्हणालं, "शेवटी म्हातारा सोताच घराला काडी लावतो..."

मी पुस्तक घेऊन घरात आले. घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला राग आला होता. महिनाभर उषाबाईंपासून वाचवलेला शेवट, तो असा गेला.

दुसऱ्या दिवशी वाचायला बसले, तर त्या पुस्तकात म्हातारा नव्हताच. दोन बहिणी होत्या आणि त्यांचं बांगड्यांचं दुकान. घर जळत नाही, काडीसुद्धा कोणी ओढत नाही. मी मनापासून हसले. मग उषाबाईंना तारेपाशी गाठलं.

"उषाबाई, मी यायच्या आधी नंदाबाईंनंतर तुमचा नंबर होता ना? मग तो मला का दिला?"

त्यांनी ओली साडी दोनदा झटकली. "शेवट तुला बी सांगितला का?"

"हो."

"मला बी सांगायच्या. जित्या असताना बी खोड होती ती, पोटात म्हनून राहायचं न्हाई." त्यांचा आवाज खाली आला. "पन चुकीचा सांगतात गं. त्या पुस्तकाचा नसतोच. मी न्हाई मनावर घेतलं... पन तिथं हात घालवना मला. तू जवान हाय. तुझं काळीज घट्ट."

माझं काळीज कसं आहे, हे मला कोणी विचारलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात सोमेश्वरने जाड, कव्हर फाटलेली कादंबरी आणली. फिरत फिरत ती खिडकीत आली. मी गेले. वास तोच, आवाज तोच. "शेवटी आई पोराला वळखत न्हाई..." मी म्हटलं, बरं. घरी येऊन वाचली. एका हट्टी जमीनदाराची गोष्ट. शेवटच्या पानावर त्या म्हाताऱ्याने सगळ्यांना बाहेर काढलं, कडी घातली आणि आतून घर पेटवलं.

पुस्तक मिटून मी बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. त्या भिंतीला पलीकडून नंदाबाईंची भिंत लागून आहे. त्या चुकीचा शेवट सांगत नव्हत्या. एक पुस्तक पुढचा सांगत होत्या. सोमेश्वरने अजून दुकानात हातही न लावलेल्या पुस्तकाचा. भीती वाटायला हवी होती. मला आधी सुचलं ते हे, की आता पुढच्या महिन्याचा शेवटही गेला.

आणि गेलाच. पुढची कादंबरी लढाईवरून परत आलेल्या शिपायाची निघाली. आई त्याला ओळखत नाही, पाणी देऊन वाटेला लावते.

ती शिपायाची कादंबरी खिडकीतून काढताना मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "मावशी, या वेळी सांगू नका. हात जोडते."

मग वास दाट झाला.

"गाडी येती... समदे उतरत्यात... त्यो तेवढा उतरत न्हाई."

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी ओट्यावर उभी राहायला लागले. आत्याबाई टोमणे मारायच्या, "नवरा काय पळून चाललाय का?" खरं सांगितलं असतं तर एकतर वेड्यात निघाले असते, नाहीतर पुस्तक बंद झालं असतं. मनाशी एकच घोकत होते. हा कादंबरीचा शेवट आहे. कोणत्यातरी कादंबरीतल्या कोणत्यातरी माणसाचा. सोमेश्वर ती आणेल, मी चोरून शेवटचं पान बघेन, आणि गाडीतून न उतरणारा तो माणूस कागदावर राहील.

पुस्तक आणायच्या दिवशी सकाळी डबा देताना मी म्हटलं, "आगगाडीवालं आणा."

"पुस्तक?"

"हो. ज्यात शेवटी गाडी येते असं."

"दुकानदाराला असं इचारू? हाकलून देईल मला," तो हसला. "तुमची भिशी म्हंजे न्यारीच."

संध्याकाळी लाइट गेली. आत्याबाई मागच्या दाराशी बेबीनंदा वहिनींशी बोलत होत्या. मी ओट्यावर, मांडीवर शिपायाचं पुस्तक घेऊन बसले होते. फोन वाजला.

"दुकानाला कुलूप हाय गं आज. पुस्तक न्हाई भेटलं. मोकळ्या हातानंच येऊन राह्यलो."

पुस्तकच नाही, मग तो शेवट राहणार कुठे? "अहो, बसनं या."

"का?"

"या ना... बसनं या."

"येडी का तू, गाडी सुटली बी. ऐक, डोळा लागून राह्यला..." आणि फोन तुटला.

परत लावला. लागेना. मी तशीच बसून राहिले. मग लांबून गाडीची शिट्टी आली. स्टेशनाकडून माणसं यायला लागली, मोबाइलच्या उजेडात, पिशव्या सांभाळत. एकेक जण ओट्यासमोरून गेला. शेवटी गल्ली रिकामी झाली. गाडी परत सुटल्याचा आवाज आला.

तेव्हा तो वास आला. या वेळी ओट्यावर, माझ्या शेजारी.

"बस घडीभर," नंदाबाई म्हणाल्या. "वाचलं न्हवं? मंग कसं वाटलं, सांग."

नियम तो होताच. ज्या घरातून पुस्तक आलं तिथे बसून सांगायचं. तीन पुस्तकं झाली, मी एकदाही सांगितलं नव्हतं. कुलूपबंद घराला कोण सांगतं. मी मान वळवली नाही. भीती इतकी होती की तिच्या खाली दबून काहीच हलत नव्हतं, आणि त्यातूनच तो साठलेला सगळा वैताग वर आला.

"पटला नाही मला शेवट," मी म्हणाले. "पुढचा. गाडीचा. बिलकुल पटला नाही. तुम्ही महिन्यामागून महिना माझे शेवट सांगता, मी ऐकून घेतलं. हा नाही ऐकणार. बदला."

मग वास हळूहळू ओट्यावरून खाली उतरला आणि स्टेशनाच्या वाटेने गेला.

सोमेश्वर आला तेव्हा रात्र झाली होती. चालत, एका पायात चप्पल. मी त्याला धरूनच आत आणलं.

"गाडीत डोळा लागल्ता," तो म्हणाला. "गाडी सुटून पुढं गेली तरी मी आतच. एका म्हातारीनं मनगट धरलं आन वढून खाली उतरवलं. काय ताकद गं तिला." तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हनली, उतर बाबा, तुझ्या बायकूला पटलं न्हाई. काय पटलं न्हाई, शालू? कुनाला काय सांगितल्तं तू?"

मी पाणी आणायला आत गेले.

त्याच्या मनगटावर मिशरीची चार बोटं उमटली आहेत. आत्याबाईंनी राखेने घासून पाहिली, मी साबणाने. जात नाहीत. दिवसभर ती वाळलेली असतात. संध्याकाळी गाडीच्या वेळेला हात लावला, तर ओली लागतात, जणू आत्ताच कोणीतरी धरून उतरवलंय.