येतो

माणूस गेलं की तेरा दिवस तुम्ही त्याचं घर भरून टाकता. दारात चपला मावत नाहीत, गॅसवरून चहाचं पातेलं उतरत नाही. आणि मग? चौदाव्या दिवसापासून त्या वाटेवर तुमची सावलीसुद्धा पडत नाही. मागे उरलेलं माणूस कुणाशी बोलतं, कुणासाठी भात टाकतं, दिवा लावून झाल्यावर कुठे बघत बसतं, विचारलंत कधी?

चौलच्या वाटेवर रिक्षात बसून मृणाली मनातल्या मनात अशी भांडत होती. कुणाशी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. अलिबागची मुलगी, संगणकाची पदवी घेतलेली. मुंबईची नोकरी सोडून गावोगावच्या एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी टीव्हीला छोटा संगणक जोडून द्यायचं काम तिनं हट्टानं सुरू केलं होतं. पत्त्यांच्या कॅटाएवढी काळी डबी. तिच्यात फुकट मिळणारी एक आज्ञावली घातली, की घरातले सगळे फोटो, गाणी, चित्रफिती टीव्हीवर मांडून मिळतात, आणि दूरच्या लेकराशी समोरासमोर बोलता येतं. आज ती डबी कमळकाकींच्या घरी बसवायची होती.

कमळकाकींचा नवरा काळूराम मांडव्याच्या लाँचवर होता. सगळी हयात पाण्यावर काढली, आणि निवृत्त झाल्यावर एका दुपारी मागच्या वाडीत पंप लावायला म्हणून गेला तो तिथंच पंपाशेजारी कोसळला. त्याला अजून महिनाही झाला नव्हता. मुलगा धनेश कळंबोलीत ट्रकच्या धंद्यात. येत्या रविवारी येऊन आईला घेऊन जायचं आणि घराला कुलूप घालायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. मृणालीच्या थोरल्या भावाचा तो मित्र, म्हणून ती त्याच्याशी तावातावानं भांडली होती.

"आईला काय कुंडीतल्या झाडासारखं उचलून नेणार आहेस?"

"मग तिथं एकटी सोडू?" धनेश म्हणाला होता. "बरं, लाव तुझं यंत्र. तिचं मन रमलं आणि तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की मी इथंच राहते, तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर रविवारी गाडी घेऊन येतोय."

म्हणून मृणालीला आज एवढं एकच वाक्य हवं होतं. कमळकाकींच्या तोंडून.

घर वाडीच्या अगदी टोकाला होतं. सुपारीची झाडं इतकी दाट, की भर दुपारीही खाली ऊन पोचत नव्हतं. वाळूच्या वाटेवर पावलांचा आवाज होत नव्हता. कुठंतरी झावळी गळून पडली, आणि तो आवाज विरला तेव्हा आपण किती वेळ काहीच ऐकलं नव्हतं हे मृणालीच्या लक्षात आलं.

काकी पडवीच्या आतल्या दाराशी बसून मोड आलेले वाल सोलत होत्या. परात भरून वाल. एका माणसाला आठवडाभर पुरून उरतील एवढे.

"एवढे कोणासाठी, काकी?"

"भिजवताना हात जुन्या मापानंच जातो बाय," काकी म्हणाल्या. "ये. काय लावायचं ते लाव."

टीव्हीवर कापड घातलेलं होतं. मृणालीनं ते काढून घडी केली, डबी मागे चिकटवली, वायरी जोडल्या. नेटसाठी फोन खिडकीत ठेवावा लागला. आज्ञावली चढायला वेळ लागत होता, तोवर ती बडबडत राहिली.

"आता रिमोटचं एक बटण दाबलं की झालं. तुमच्या लग्नातले फोटो, गाणी, कीर्तनं. आणि नातवाला फोन लावलात की तो एवढा मोठा दिसेल!"

"मोठा दिसला तरी जवळ न्हाय ना येनार."

मृणाली हसली. काकी हसल्या नव्हत्या.

आज्ञावली चढली. पहिल्यांदा यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं होतं. मृणालीनं रिमोट दाबला. पडदा काळा झाला आणि मधोमध पांढऱ्या अक्षरांत उमटलं: येतो.

क्षणभरानं पडदा उजळला: आलो.

"बघितलंत?" मृणालीला राहवलं नाही. "हे शब्द मी घातलेत. मूळ इंग्रजीत आहे सगळं. लोक त्याचं मराठी करतात, 'बंद होत आहे'. दुकानाचं शटर आहे का ते? आपल्यात निघताना कुणी जातो म्हणतं का? येतो म्हणतो आपण."

परातीतला हात थांबला होता.

"आनि कधी म्हनत न्हाय, ते न्हाय शिकवलं कालेजात?" काकींचा आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. "मयताच्या घरातनं निघताना येतो म्हनत न्हाईत, बाय. उठायचं, चपला घालायच्या, चालायला लागायचं. महिनाभर या दारातनं मानसं तशीच गेली. माझी सख्खी भैन गेली, वळून न बघता. येतो म्हनून कोनी बोललं न्हाय." त्यांनी टीव्हीकडे बघितलं. "ही डबी बोलली."

मृणालीचे कान तापले. मराठीचा एवढा अभिमान आणि एवढी साधी गोष्ट सुचू नये! "चुकलंच माझं, काकी. बदलते लगेच."

"ऱ्हाऊ दे." काकी पुन्हा वाल सोलू लागल्या. मग जणू त्या वालांनाच सांगताहेत तशा म्हणाल्या, "लाँचवर निघताना रोज सांगायचे. येतो गो. मी कामात. मान वर न करता हां म्हनायची. त्या दिशी न्हाय बोलले. परसात पंप लावायला जाताना कोन सांगतं येतो म्हनून?"

मृणाली पडद्याकडे वळली. डबीचं फर्मवेअर जुनं आहे, असा इशारा तिथं आला होता. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या हाडामांसातच बसलेली पहिली आज्ञा. त्याला जाग कशी यावी ते सांगणारी. ते नवं केलं नसतं तर गाणी अडखळत राहिली असती. आधी हे उरकून घेऊ, मग सावकाश शब्द बदलू, असं तिनं ठरवलं. घाई तिच्या अंगातच होती. फर्मवेअर बदलत असताना वीज तुटू द्यायची नसते, नाहीतर डबी कायमची मुकी होते. तिनं स्विच नीट दाबून बघितला आणि रिमोटचं बटण दाबलं.

पडदा काळा झाला.

येतो.

तो शब्द पुसला जायला हवा होता. गेला नाही. मृणाली वाट बघत उभी राहिली. बाहेर सुपाऱ्यांच्या मधला उजेड करडा होत चालला होता. संध्याकाळ व्हायला अवकाश होता, पण वाडीत ती लवकर उतरते.

येतो.

"अडकलं काय?" काकींनी विचारलं.

"नाही... होईल. हात लावता येत नाही आत्ता."

आणि वीज गेली.

पंखा दोन-चार वळसे घेऊन थांबला. फ्रीजची घरघर तुटली. पडदा मेला. मृणालीच्या तोंडून "अरेरे" निघालं आणि त्या शांततेत ते इतकं मोठं वाटलं, की तिनं ओठ मिटून घेतले. डबी गेली. आता नवी आणावी लागणार, शनिवारच्या आत. ती मनातल्या मनात हिशेब करत होती, आणि मग तिला तो आवाज आला.

घरामागून. धडधड... धडधड. आधी दबका, मग सुरात लागलेला. पाठोपाठ पाटातून पाणी खळाळल्याचा.

"गडी आलाय वाटतं," मृणाली म्हणाली.

"गडी सकाळचा येतो."

"मग पंप कोणी..."

पंप विजेवर चालणारा होता. पंख्याची पाती स्थिर होती. तिनं भिंतीवरचा दिव्याचा स्विच खाली-वर करून बघितला. काही नाही. मागे पंप चालूच होता.

मग तो थांबला. कुणीतरी बंद करावा तसा, एकदम.

खिडकीतून वास आला. ओल्या मातीचा नव्हे. डिझेलचा, आणि खाऱ्या पाण्यात भिजून कुजत आलेल्या दोरखंडाचा. मांडव्याच्या धक्क्यावर येतो तसला. इथून मांडवा कितीतरी लांब. मृणालीनं काकींकडे पाहिलं. त्या परात बाजूला सारून, कान देऊन बसल्या होत्या, आणि दुपारपासून प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता.

मागच्या दाराशी पाण्याचा आवाज झाला. तांब्यानं पायावर पाणी घ्यावं तसा. एका पायावर. मग दुसऱ्या.

काकींनी मान वळवली नाही. नेहमीच्या, घरातल्या आवाजात म्हणाल्या, "पंचा दांडीवर हाय."

"काकी... कोण आहे तिकडे?"

"हळू बोल."

आतल्या खोलीत दांडी किंचित करकरली.

तेवढ्यात वीज आली. पंखा फिरू लागला, फ्रीज घरघरला. मेलेली डबी लुकलुकली, आणि टीव्हीचा पडदा हळूहळू उजळला.

आलो गो.

मृणाली ते दोन शब्द बघत राहिली. तिनं 'आलो' लिहिलं होतं. एवढंच. 'गो' ती बोलत नव्हती, तिच्या घरात कुणी बोलत नव्हतं. तिनं लॅपटॉप उघडला, भाषांतराची ओळ शोधली. आलो, आणि पुढे पूर्णविराम. त्यात दुसरं काही नव्हतं. पडद्यावर मात्र होतं.

"काकी, मी हे बंद करते. सगळं पुसून पुन्हा नव्यानं घालते. यात काहीतरी..."

"हात लावू नको." काकी उठून टीव्हीच्या आड उभ्या राहिल्या. "बंद केलंस तर परत येतो म्हनतील. जातील. मग?"

"काकी, ते यंत्र आहे हो! अक्षरं आहेत नुसती..."

"तू लिवलीस?"

मृणालीला खोटं बोलता आलं नाही.

काकींनी कमरेचा साधा फोन काढला आणि मुलाला लावला. "धनेश... रविवारी गाडी आनू नको. मी हितंच ऱ्हाते... न्हाय रे, बरी हाय." मग धनेशनं काहीतरी विचारलं असावं. काकी आतल्या खोलीच्या अंधाराकडे बघून हसल्या. "एकटी कशाला?"

हेच वाक्य हवं होतं ना? मृणाली त्यासाठीच भांडली होती, त्यासाठीच एवढ्या लांब आली होती. आता ते मिळालं होतं आणि तिला ते ऐकवत नव्हतं. फोन हिसकावून घ्यावा, धनेशला ओरडून सांगावं, आजच ये, आत्ता ये. पण काय सांगणार? तुझ्या आईला बरं वाटतंय म्हणून?

"काकी, आजच्या दिवस माझ्याबरोबर अलिबागला चला," ती अखेर म्हणाली. "आमच्याकडे राहा. उद्या आणून सोडते."

"आत्ता?" काकींना खरंच नवल वाटलं. "मानूस आत्ता घरात आल्यावर?"

त्या परात उचलून स्वयंपाकघराकडे वळल्या. जाताना वालांवर हात फिरवून म्हणाल्या, "बरं झालं जास्त भिजवले."

मृणालीनं सामान पिशवीत कोंबलं. डबी तिथंच राहिली. तिला हात लावायचा धीर तिच्यात उरला नव्हता. येतानाचा रिक्षावाला फोन उचलेना, म्हणून तिनं रेवदंड्याच्या स्टँडवर लावला. कुणी विनेश म्हणून होता, रोह्याकडून नव्यानंच इकडे आलेला. कोणाचं घर, असं त्यानं विचारलं. काळूरामचं म्हणायला तिची जीभ वळेना. "वाडीतलं शेवटचं," ती म्हणाली.

हॉर्न वाजला तशी ती चपला घालून पायरी उतरली. न बोलता. अशा घरातून उठतात तसं.

"बाय गो," मागून हाक आली. काकी दारात उभ्या होत्या. पाठीमागे टीव्हीचा निळसर उजेड होता, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. "न सांगता चाललीस?"

"निघते, काकी..."

"निघते नको बोलू. न सांगता गेलेलं मला चालत न्हाय."

सुपारीची पानं हलत नव्हती. काकी वाट बघत होत्या. आणि मृणालीला वाटलं, की आत कुणीतरी हातातलं काम थांबवून तिच्या उत्तराची वाट बघतंय.

"येते," ती म्हणाली.

"हां," काकी म्हणाल्या.

रिक्षात बसताच ती पिशवी पोटाशी धरून समोर बघत राहिली. विनेशनं गाडी वळवली, वाळूतून हळूहळू काढली. मग आरशात बघून तो हसला.

"ताई, मागं तरी बघा की. बिचारी दोघंपन फाटकापर्यंत आलीत सोडायला. हात तरी करा."