न फुटलेला लिफाफा

किटलीचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे किसाक्येनं तोंड उघडलं.

"प्रसूतिगृहाचा नोंदींचा सर्व्हर मीच बसवला, बाई. मुख्य पासवर्ड लिफाफ्यात घालून, लाख लावून डॉक्टरांना दिला. लाख शाबूत आहे. तरी त्याच पासवर्डनं कुणीतरी एका मुलीच्या आईबापाची नावं पुसलीत. उद्या सकाळी मला पोलिसांत देणार."

कंपालाची खाजगी तपासनीस नाबुकीरा चहा ओतत होती. "मुलगी कोण?"

"नासोलो. सहा वर्षांपूर्वी स्वातंत्र्यदिनी जन्मलेली."

"बसवताना जवळ कोण होतं?"

"कुणीच नाही. तीनदा वीज गेली. मी समोरच्या खानावळीत मटोके, उकडलेली केळी, खात होते. वीज आली की काम आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायचं."

"यंत्र माझ्यापेक्षा शहाणं आहे," नाबुकीराचा सोबती मुगेरवा म्हणाला.

प्रसूतिगृहात डॉक्टर सालींनी लिफाफा पुढे केला. लाखेला तडासुद्धा नव्हता.

नोंदणी कारकून नामुली म्हणाली, "मी फक्त भरते. भरलेलं मला पुसता येत नाही."

"गळ्यात काय गं?" नाबुकीरानं विचारलं.

"पेनड्राइव्ह. दाखले छपाईला न्यायला. सर्व्हर बसवला त्या संध्याकाळी किसाक्येकडून मागून घेतला."

नामुलीच्या टेबलाखालून एक मुलगी डोकावली. "मी मर्सी. माझ्या वाढदिवसाला अख्ख्या देशाला सुट्टी असते."

"मोठी असामी दिसतेय," मुगेरवा हसला.

नाबुकीरा हसली नाही. तिनं सगळ्यांना आत बोलावलं.

"किसाक्ये, बसवताना यंत्र पासवर्ड विचारतं. तू तर जेवत होतीस. मग उत्तर कुणी दिलं?"

किसाक्येचा चेहरा उतरला. "फाइलनं. वीज सारखी जाते, म्हणून सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवली होती. पेनड्राइव्हवर."

"ती पुसली नाहीस, पासवर्डही बदलला नाहीस. लिफाफा फोडायची गरजच नव्हती." नाबुकीरा खाली वाकली. "मर्सी, तुझं कुळाचं नाव काय?"

"नासोलो."

नामुलीनं मर्सीला जवळ घेतलं. "तिचा बाप सहा वर्षांनी उगवलाय. कागदावर त्याचं नाव असलं, की त्याचं कूळ पोरीला घेऊन जाणार. माझ्यावर संशय येऊ नये म्हणून माझंही नाव पुसलं. किसाक्येवर येईल असं वाटलं नव्हतं मला."

डॉक्टरांनी किसाक्येकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"तू नावं पुसलीस," नाबुकीरा हळू आवाजात म्हणाली, "पण नासोलो हे नावही त्याच्याच कुळानं दिलेलं. ते तसंच राहिलं."

मर्सीनं नामुलीचा हात ओढला.

"मग आई, माझं नावपण पुसायचं का?"