ज्ञानेशचा कॉम्प्युटर

गणराज, ती मोबाइलची बत्ती विझव बघू, डोळ्यांवर येतीय. कोपऱ्यावरची डीपी जळालीय म्हणे, लाइट काही एवढ्यात येत नाही. साक्षी, तू भिंतीकडं सरक पोरी, वारं लागतंय. हां. आता ऐका.

बुद्धभूषणला ओळखता ना? पिंपळे गुरवला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे तो. त्याचे वडील आणि मी एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या मशीनवर. पोरगं माझ्या डोळ्यांसमोर वाढलं. अंगारे-धुपारे, नजर-बाधा असलं काही त्या घरात चालत नाही. कुणी भुताचं नाव काढलं तर हाच आधी हसायचा. त्यानं मला हे सांगितलं, तेव्हा समोरचा चहा गार झाला तरी कप उचलला नाही त्यानं. म्हणून मी मानतो.

संत तुकाराम नगरात इंदुताई म्हणून एक बाई राहतात. मूळच्या परभणीकडच्या. नवरा लवकर गेला. थोरला ज्ञानेश चाकणला कंपनीत लागलेला, धाकटी वर्षाली डिप्लोमाला. ज्ञानेश आणि बुद्धभूषण शाळेपासूनचे दोस्त. ज्ञानेशचा कॉम्प्युटरसुद्धा दोघांनी मिळून जोडलेला, एकेक सुटा भाग आणून.

गेल्या पावसाळ्यात सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री घरी येताना ज्ञानेशची गाडी घसरली. डोक्याला मार लागला. दवाखान्यात शुद्धीवर आला, पण ओळख परतली नाही. उशाशी बसलेल्या आईला म्हणायचा, "मावशी, मला घरी जायचंय हो."

"कुठं हाय तुझं घर, लेकरा?" त्या विचारायच्या.

"तेच तर आठवंना."

दिवसभर एवढंच. आणि तसाच गेला तो. आईला आई न म्हणता गेला.

दिवाळी झाली. वर्षालीचा बुद्धभूषणला फोन आला. "भूषणदादा, कॉलेजचं प्रोजेक्ट द्यायचंय म्हणून दादाचा कॉम्प्युटर लावला. तर तो आपोआप बंद होतोय आणि परत चालू होतोय. पासवर्डपण कुणाला माहीत नाही. बघशील का?"

हा गेला. पासवर्ड काढणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. पण तो म्हणाला, "आधी बंद का पडतोय ते शोधू. पासवर्ड काढताना मध्येच बंद पडला तर आतलं सगळं जाईल." आणि आत ज्ञानेशचे फोटो होते. गणपतीतले व्हिडिओ होते, त्यात त्याचा आवाज होता. इंदुताईंनी बुद्धभूषणचे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "तेवढं जपून कर बाबा. तेवढंच ऱ्हायलंय."

लागला कामाला. रॅम काढून खोडरबरानं घासली. पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरला नवी पेस्ट लावली, पॉवर सप्लाय बदलला. संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालला. पडद्यावर ज्ञानेशचं नाव, खाली पासवर्डची रिकामी चौकट.

रात्री वर्षालीचा फोन. "भूषणदादा, परत तसंच."

मग त्यानं तो दुकानात नेला आणि रात्री चालूच ठेवला. एकदाही बंद पडला नाही. म्हणजे मशीन चांगलं, दोष घरच्या लाइटमध्ये. घरी आणून यूपीएस लावला. वायरमन बोलावून अर्थिंग तपासलं, बटणांचा बोर्ड बदलला. त्या रात्री... परत.

"काका," मला म्हणाला, "आजार आहे म्हणजे कारण पाहिजेच. मी सगळी कारणं काढून टाकली. आजार तसाच."

इंदुताईंना मात्र एक गोष्ट ध्यानात आली होती. त्या बोलायच्या नाहीत. शेवटी एकदा जिन्यात त्याला गाठून हळूच म्हणाल्या, "सेकंड शिफ्टची बस आली की व्हतंय रे."

हा म्हणाला, "मावशी, तसं काही नसतं. मी एक रात्र बसतो. डोळ्यांनी बघतो."

ती रात्र एकोणीस डिसेंबरची. शुक्रवार. मार्गशीर्षातली अमावस्या. त्यानं काही अमावस्या बघून दिवस धरला नव्हता, शनिवारी दुकान उशिरा उघडतो म्हणून शुक्रवार. वर्षाली आतल्या खोलीत दार लावून झोपली. ती महिनाभर बाहेरच्या खोलीत झोपायलाच तयार नव्हती. बाहेर हा, आणि इंदुताई. थंडी मरणाची. खिडकी बंद. पडद्याचा निळा उजेड तेवढा भिंतीवर.

बराच वेळ काही नाही. इंदुताईंनी चहा केला. ज्ञानेश लहानपणी कसा हट्ट करायचा ते सांगत बसल्या. हा ऐकत होता, पण नजर पडद्यावर.

खाली रस्त्यावर कंपनीची बस थांबली. दार आपटलं. कुणीतरी कुणाला तरी "चल भावा" म्हणालं. बस गेली.

इंदुताई बोलता बोलता थांबल्या.

पासवर्डच्या चौकटीत एक ठिपका उमटला.

आपण एक अक्षर दाबलं की एक ठिपका येतो ना... तसा. मग दुसरा. मग थोडं थांबून तिसरा.

बुद्धभूषणनं कीबोर्डकडं पाहिलं. जवळ कुणाचा हात नव्हता. त्याला वाटलं, एखादं बटण अडकलं असेल. हेच कारण! इतके दिवस हेच सुटलं आपल्याकडून! त्याला हसूच आलं. त्यानं कीबोर्डची वायर उपटली. माउसची उपटली. दोन्ही पलंगावर टाकून दिली.

चौथा ठिपका उमटला.

...

पाचवा. मग सगळे पुसले गेले. एकेक करून... मागून पुढं. जसं एखादा चुकलं म्हणून खोडतो.

मग पुन्हा पहिला.

पासवर्ड चुकीचा आहे, असं पडद्यावर आलं. गेलं. पुन्हा ठिपके. या खेपेला जास्त. पुन्हा चूक. पुन्हा. आता भराभर. कुणीतरी दार बडवावं तसे. चूक. चूक. चूक. आणि पडदा काळा झाला. पंखा थांबला. मग आपोआप घरघर करत मशीन परत सुरू झालं. पुन्हा ज्ञानेशचं नाव. रिकामी चौकट.

एक ठिपका.

बुद्धभूषणनं मला सांगितलं, "काका, भीती नंतर वाटली. आधी काय वाटलं माहितीय? मला काहीच येत नाही, असं वाटलं."

इंदुताई उठल्या. पडद्याजवळ गेल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"त्याला आठवंना रे."

यानं पलंगावरच्या सुट्या वायरी पुन्हा बघितल्या.

"दवाखान्यात बी आठवत नव्हतं. दारापातूर येतंय लेकरू... रोज येतंय. आत येता येईना त्याला." त्या वळल्या. "भूषण, तुला उघडता येतंय ना? तूच म्हणला व्हतास. उघडून दे."

"मावशी, नको."

"का नको?"

काय सांगणार? आत काय येईल, कोण येईल, हे त्याला तरी कुठं माहीत होतं? आणि दोस्त तर त्याचाही होता.

"मावशी, पाया पडतो. सकाळी बघू."

"सकाळी तो नसतोय."

चौकटीत ठिपके उमटत होते. आता सावकाश. दमल्यासारखे. एक... मग बराच वेळ काही नाही... मग एक.

इंदुताईंनी हात जोडले. याला. आईच्या वयाच्या बाईनं.

त्यानं पासवर्ड काढायचा पेनड्राइव्ह लावला. कीबोर्ड परत जोडला. दोनदा चुकला. इतके दिवस धड न टिकणारं मशीन तेवढा वेळ मात्र हललं नाही. जणू तेही थांबलं होतं. पासवर्ड निघाला. मशीन सुरू झालं आणि कुठंही न अडखळता सरळ आत उघडलं. ज्ञानेशनं लावलेलं लोहगडाचं चित्र. बाजूला त्याचे फोल्डर.



माउस अजून पलंगावरच पडला होता, वायर लोंबकळत. पडद्यावरचा बाण मात्र हलला. थोडासा. कोपऱ्यापर्यंत गेला... आणि थांबला.

"ज्ञाना," इंदुताई म्हणाल्या. "मी हाय. आई."

बाण हलला नाही.

"ज्ञाना..."

काही नाही. खोलीत फक्त पंख्याची घरघर. इंदुताई खुर्ची ओढून समोर बसल्या. पदर तोंडाला लावून, हुंदका न काढता. बुद्धभूषणला तिथं उभं राहवेना. तो म्हणतो, "मी पळालो, काका. सरळ शब्दांत, पळालो. त्यांना एकटं टाकून."

घरी जाऊन अंथरुणावर पडला, पण डोळा लागला नाही. उजाडल्यावर फोन वाजला. वर्षाली.

"भूषणदादा, थँक्यू. रात्रभर एकदाही बंद नाही पडला. मी मध्ये उठले, तर आई खुर्चीतच झोपली होती आणि चालू होता." मग म्हणाली, "पण नवीन पासवर्ड काय ठेवलायस? आता काहीच उघडत नाहीये."

"मी पासवर्ड ठेवला नाही," हा म्हणाला.

"अरे, मागतोय ना."

"वर्षाली, मी काढलाय. ठेवला नाही. तू काही केलंस?"

"मी हातच लावला नाही. आणि आईला कुठं येतंय त्यातलं?"

तो तसाच निघाला. जाऊन बघतो तर पडद्यावर ज्ञानेशचं नाव, खाली रिकामी चौकट. समोर इंदुताई. एका बोटानं एकेक अक्षर हुडकत होत्या. ठिपके उमटत होते. चूक. पुन्हा हुडकत होत्या. चूक. बघणाऱ्याला वाटावं, आता ही बाई दाराबाहेर उभी आहे.

बुद्धभूषणनं खिशातून पेनड्राइव्ह काढला. "मावशी, सरका. मी परत काढतो."

इंदुताईंनी त्याचं मनगट धरलं. घट्ट.

"नको," म्हणाल्या. "घरात आलाय तो. झोपू दे." आणि पडद्याकडं बघतच राहिल्या. "पर माझ्यासमोर कडी का लावून घेतली असंल रे त्यानं?"

मशीन तेव्हापासून एकदाही बंद पडलेलं नाही. ती चौकट अजून तशीच आहे.