कालव्याचं दार

"थांबा! ते दार उघडू नका!"

माझा हात कालव्याच्या दाराच्या फळीवरच राहिला. वळून पाहिलं, तर बांधावर स्कूटर आडवी टाकून एक तरुण धावत येत होता... गुडघ्यापर्यंत चिखल.

"कोळंबीचं तळं आमचं. तुम्ही कोण?"

"सत्तिबाबू. भीमवरमच्या प्रयोगशाळेत असतो." त्याला धाप लागली होती. "वरच्या तीन तळ्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आलाय. ते पाणी कालव्यात सोडलंय त्यांनी."

मी फळी घट्ट बसवली. नान्नांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे दुखू लागल्यापासून तळं मीच बघत होते. कोळंबी गेली असती, तर त्यांना काय तोंड दाखवलं असतं?

"पण पाणी बदललं नाही, तर आतलीच घाण कोळंबीला मारेल."

"घाण खाणारे चांगले जिवाणू सोडू. गूळ, तांदळाचा कोंडा आणि ही जिवाणूंची पूड, सगळं दोन दिवस आंबवायचं."

घरी नान्ना खाटेवर हसायला लागले. "वकुळा, कोळंबीला गूळ? डोहाळजेवण आहे का तिचं?"

तरी आम्ही बादल्या ओतल्या. हवेच्या चक्र्या दिवसभर पाणी घुसळायच्या. सत्तिबाबू दर चार दिवसांनी पाणी तपासून अहवाल द्यायला यायचा. आणि तिसऱ्या आठवड्यात पाण्यातला विषारी अमोनिया एकदम चढला. मी पुन्हा दाराशी गेले.

या वेळी तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, "मलाही भीती वाटतेय. पण जिवाणूंना थोडा वेळ द्या, कोळंबीचं खाणं निम्मं करा. चुकलो, तर नान्नांना मी सांगेन. तुम्ही नाही."

भीती वाटते, असं कुठलाच पुरुष माझ्यासमोर कधी बोलला नव्हता. मी दारावरचा हात काढला.

पाचव्या दिवशी अमोनिया उतरला.

काढणीच्या सकाळी कोळंबी जाळ्यात उड्या मारत होती. सत्तिबाबू मात्र माझ्याकडे वळला.

"एक सांगू? पाणी दोन महिन्यांपूर्वीच सुधारलं होतं. 'चार दिवसांनी पुन्हा तपासणी' – ते मी उगाच लिहीत होतो."

"म्हणजे खोटा अहवाल?"

"आकडे खरे होते. फक्त... शेवटची ओळ माझी होती."

मला हसू आवरेना. "ठाऊक होतं. तपासायचं सामान मीही आणलं होतं. तुम्ही यायच्या आधी दर वेळी बघायचे."

"मग येऊ का दिलंत?"

पलीकडे नान्ना खुर्ची टाकून बसले होते. जाळं ओढणारी माणसं बघत होती. बघू देत! मी सत्तिबाबूचा ओला हात धरला आणि त्याला घेऊन सरळ नान्नांकडे निघाले.