दंडावरची साडेतीन बोटं

मंगळवारी सकाळी लेक बापाचा विसरलेला चष्मा परत द्यायला आली. पर्स ठेवताना तिची बाही वर सरकली आणि भिंगरावांचा चहा बशीतच राहिला.

डाव्या दंडावर बोटं उमटली होती. लालभडक, कडेला बारीक फोड आलेली.

भिंगराव म्हणजे निवृत्त ठसेतज्ज्ञ. पस्तीस वर्षं भिंग डोळ्यापासून हललं नाही, म्हणून खात्याने ठेवलेलं नाव. उजव्या हाताचं मधलं बोट पेरभर तुटलेलं. ते एका दरोडेखोराने चावून तोडलं, असं त्यांनी जावयाला सांगितलं होतं. व्याह्यांना सांगताना दरोडेखोराची मगर झाली.

"कुणी धरलं?"

"काय?"

"दंड."

तिने वाकून पाहिलं. "अगोबाई. रात्रीपासून चुरचुरतंय खरं."

"रविवारी नवरा चिडला होता तुझ्यावर?"

"तो? मिरचीवरून भांडलात ते तुम्ही दोघं. मी आपली बर्फाच्या खेपा घालत होते."

रविवारी दुपारी लेकीच्या गच्चीवर जावयाने स्पायसी मार्गारिटा हे कॉकटेल करायचा घाट घातला होता. टकीला, संत्र्याची लिक्युअर, चमचाभर मध, ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, ग्लासाच्या काठाला मीठ-तिखट. जावई दातांचा डॉक्टर. त्याने सावलीत बसून, हातमोजे घालून मिरच्या ठेचल्या. लिंबं पिळायचं यंत्र त्याने सासऱ्यांपुढे ठेवलं, तर भिंगराव म्हणाले, "लिंबाला यंत्र लावतो तो पुढे घास भरवायलाही माणूस ठेवेल." भर उन्हात, बाह्या सारून, त्यांनी वीस लिंबं मुठीत पिळली आणि हात पँटला पुसले.

"मग कुणी धरलं?"

"त्याने नाही, बाबा. धरलं असेल तर ते—"

"नवऱ्याला पाठीशी घालू नकोस."

त्यांनी बटर पेपर आणला, दंडावर ठेवला आणि पेन्सिलीने ठसा गिरवला. तीन बोटं पुरी, मधलं आखूड. कागद घडी करून खिशात घातला आणि तडक दवाखाना गाठला.

बाहेरच्या खोलीत चार जण बसले होते. त्यांतल्या एका आजींचा गाल टम्म सुजलेला.

"बायकोवर हात टाकणाऱ्याला दात दाखवायला बसलात?" भिंगराव दारातूनच म्हणाले.

जावई बाहेर आला. "बाबा, आत या."

"इथेच. तिच्या दंडावर बोटं उमटलीत, फोड आलेत. हात ठेव या कागदावर."

त्याने ठेवला. मधलं बोट रेघेच्या बाहेर पेरभर गेलं.

"मुडपलं असशील."

"मी तिला हात लावलेला नाही. आणि हा मार नव्हे. मार निळा पडतो. तुम्ही फोड म्हणता, म्हणजे हे भाजलंय."

"म्हणजे चटके दिलेस."

एक बाई पर्स सावरत उठली. तिच्यामागून दुसरी. जावयाचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही.

"तिला तुमच्याकडेच ठेवा," तो म्हणाला. "तुमची खात्री होईपर्यंत. मलाही मग विचार करावा लागेल."

घरी बायकोने दार उघडलं आणि त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"हे काय लागलं?"

मनगटापासून कोपरापर्यंत एक तांबडी रेघ उतरली होती.

"इस्त्री लागली असेल."

"इस्त्री? तुम्ही? आयुष्यात कधी धरलीत?"

भिंगराव रेघ बघत राहिले. वर बारीक, खाली कोपराशी थेंबासारखी फुगलेली. इस्त्रीचा डाग असा ओघळत नाही. काहीतरी ओघळलं होतं.

त्यांनी खिशातला कागद टेबलावर पसरला. आपलाच उजवा हात हळूच त्यावर ठेवला. तर्जनी बसली. अनामिका बसली. तुटकं बोट तर असं बसलं, जसं कुलपात किल्ली.

मग ते न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

"किती धुवाल?" बायकोने बाहेरून विचारलं. "निघायचं ते पाण्याने निघणार नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सुजलेल्या गालाच्या आजी परत आल्या होत्या. दाढेला अब्रूशी देणंघेणं नसतं. शेजारी काल उठून गेलेल्यांपैकी एक बाई होती. तिला भिंगरावांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. जावई दारात उभा राहिला. आत या म्हणाला नाही.

"काल इथे मी एका माणसाला गुन्हेगार ठरवलं," भिंगराव म्हणाले. "तपास पुरा झालाय. लिंबाचा रस अंगावर राहिला आणि वर कडक ऊन लागलं, की दोन दिवसांनी भाजल्यासारखे फोड येतात. त्वचेच्या डॉक्टरांना सकाळीच विचारून आलो. यांच्या हातात मोजे होते. लिंबं एकाच माणसाने पिळली. मुलगी बर्फ आणायला निघाली, तेव्हा त्याच माणसाने तिचा दंड धरून सांगितलं, नवऱ्याला म्हणावं मिरची कमी घाल. मग ती उघड्या दंडाने उन्हात खेपा घालत राहिली. काल ती हेच सांगत होती. त्याने तिला वाक्य पुरं करू दिलं नाही."

"कोण तो मेला?" आजींनी गालावर हात धरून विचारलं.

भिंगरावांनी उजवा हात वर केला. साडेतीन बोटं आणि अंगठा.



"ती कुठेय?" जावयाने विचारलं.

"खाली उभी आहे. म्हणाली, आधी तुम्ही सगळ्यांसमोर सांगा, मग मी वर येते."

जावयाने हातमोजे काढले आणि त्यांच्याकडे न बघता जिना उतरला.

भिंगरावांना बसायलाही धीर होईना. आजी त्यांच्या हाताकडे टक लावून पाहत होत्या.

"आणि ते बोट हो? ते कुणी तोडलं?"

मगर जिभेच्या टोकापर्यंत आली होती. जिन्यावर दोघांची पावलं वाजली.

"कपाट," भिंगराव म्हणाले. "लोखंडी कपाटाच्या दारात सापडलं. दार मीच लावलं होतं."